ऑपरेशन करून घरी आल्यावर : साधं दुखणं कोणतं, धोक्याचं कोणतं?



कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन लहान असतं. बाईचं असो वा पुरुषाचं, टेबलावर फार वेळ जात नाही आणि बहुतेकांना काहीही त्रास न होता ती गोष्ट पार पडते. पण ऑपरेशन म्हणजे शेवटी शरीराला केलेली जखम आहे. ती भरून येण्याचे दिवस दवाखान्यात जात नाहीत, ते आपल्या घरात जातात. दवाखान्यात सिस्टर असते, डॉक्टर असतात. घरी सासूबाई असतात, शेजारीण असते, मुंबईहून आलेला दीर असतो, आणि प्रत्येकाचा सल्ला वेगळा असतो. एकजण म्हणतो, "एवढं दुखायचंच." दुसरा म्हणतो, "बघा, मी सांगत होतो, ऑपरेशन करू नका." दोघांनाही नीट माहिती नसते.

म्हणून हे पत्रक नवरा-बायको दोघांनी मिळून वाचावं. एकाला वाचता येत नसेल तर दुसऱ्याने मोठ्याने वाचून दाखवावं. ज्याचं ऑपरेशन झालं आहे त्याला गुंगी असते, अंग दुखत असतं. लक्ष ठेवायचं काम दुसऱ्याचंच असतं.

सगळ्यात आधी एकच खूण सांगते. दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. पहिल्या दिवशी जितकं दुखलं त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी थोडं कमी, तिसऱ्या दिवशी आणखी कमी. ओहोटीच्या पाण्यासारखं ते मागे सरत जायला हवं. मध्येच ते उलटं वाढायला लागलं, किंवा गेलेलं परत आलं, तर ते साधं दुखणं नव्हे. मग कोण काय म्हणतंय ते ऐकत बसू नका, उपकेंद्र गाठा.

बाईचं ऑपरेशन

हे ऑपरेशन दोन तऱ्हांनी होतं. एक टाक्याचं, म्हणजे पोटावर लहानसा छेद देऊन. दुसरं दुर्बिणीचं. दोन्हींत बीजवाहक नळ्या बंद करतात. पिशवी काढत नाहीत, पाळी बंद होत नाही, अंगावरचं दूध आटत नाही. हे आवर्जून सांगायचं कारण असं, की घरी आल्यावर जे काही दुखेल ते सगळं ऑपरेशनच्या नावावर जमा होतं. सहा महिन्यांनी पाठ दुखली तरी ऑपरेशन, चार वर्षांनी वजन वाढलं तरी ऑपरेशन. तसं नसतं.

पहिले दोन दिवस पोटावर, टाक्याच्या जागी दुखतं. खोकताना, हसताना, अंथरुणातून उठताना जास्त जाणवतं. थोडी मळमळ होते, झोप झोप येते. दुर्बिणीचं ऑपरेशन असेल तर खांद्यात दुखतं, आणि त्याने बायका फार घाबरतात. पोटाचं ऑपरेशन आणि खांदा कसा दुखतो? तर दुर्बिणीतून नीट दिसावं म्हणून पोटात हवा भरतात. ती नंतर काढून टाकली तरी थोडी उरते आणि वर चढते. एक-दोन दिवसांत ती जिरते आणि खांदा मोकळा होतो. ऑपरेशननंतर थोडंसं अंगावरून गेलं तरीही भिण्यासारखं काही नाही.

पहिले दोन दिवस पूर्ण आराम. मग घरातली हलकी कामं. आठवडाभर जड उचलायचं नाही, आणि टाक्याचं ऑपरेशन असेल तर नेहमीच्या कष्टाच्या कामाला दोन आठवडे तरी थांबायचं. पूर्णगडसारख्या गावात हे सांगायला सोपं, करायला कठीण. वाड्या चढउताराच्या, पाखाडीच्या पायऱ्या चढून कळशी आणायची, मासळीची पाटी डोक्यावर घ्यायची, आंब्याच्या दिवसांत बागेत पेट्या उचलायच्या. बाई दोन दिवस पडून राहिली की घर अडतं. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरवतानाच पुढच्या पंधरा दिवसांचं पाणी कोण भरणार हे ठरवा. नवऱ्याने चार दिवस हंडा उचलला तर गावात कोणी हसत नाही, आणि हसलं तर हसू दे.

टाके निघेपर्यंत जखम कोरडी ठेवायची. दुसऱ्या दिवसापासून अंग धुवायला हरकत नाही, पण पट्टी भिजू द्यायची नाही. खाडीच्या पाण्यात उतरणं, मासळी साफ करताना ते पाणी पोटावर उडवून घेणं टाळा. आणि जखमेवर काही लावू नका. हळद नको, राख नको, खोबरेल नको, कसला पाला वाटून तर मुळीच नको. आपल्याकडच्या औषधांबद्दल मला अनादर नाही. पण शिवलेल्या जखमेवर बाहेरची वस्तू गेली की तिच्याबरोबर जंतूही आत जातात.

आता धोक्याच्या खुणा.

ताप. अंग नुसतं कोमट लागणं वेगळं. थर्मामीटरवर 100.4 किंवा त्याहून जास्त पारा गेला, थंडी वाजून आली, तर त्याच दिवशी दाखवा. पहिल्या आठवड्यात तर एक रात्रही थांबू नका. यात एक फसगत होते ती सांगून ठेवते. दुकानातून आणलेली तापाची गोळी घेतली की ताप उतरतो, अंग हलकं वाटतं, आणि आतलं दुखणं तसंच वाढत राहतं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या दिल्या तशा पूर्ण घ्याव्यात. त्यांच्याशिवाय दुसरी गोळी घेऊन ताप लपवू नये.

जखम. कडेला जराशी लाली, थोडा ओलावा चालतो. पण जखम सुजून तापलेली लागली, पू आला, घाण वास आला, टाका उसवला किंवा पट्टी रक्ताने भिजतच राहिली, तर दाखवा.

पोट. ही खूण सगळ्यांत महत्त्वाची. पोट फुगलं, हात लावला तर लाकडासारखं कडक लागतं, उलट्या थांबत नाहीत, वारा सरत नाही, शौचाला होत नाही, दुखणं वाढतच चाललंय. अशा वेळी आतल्या आतड्याला इजा झालेली असू शकते किंवा आत रक्त साचत असू शकतं. क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा तासांचा हिशेब असतो. आतड्याची इजा लगेच दिसेलच असं नाही, दोन-तीन दिवस बाई बरी असते आणि मग बिघडते. "परवापर्यंत चांगली होती की" म्हणून कोणी थांबू नये. पोट शेकू नये, चोळू नये, एरंडेल पाजू नये.

चक्कर येऊन पडणं, अंगाला गार घाम सुटणं, ओठ पांढरे पडणं, ही आतल्या रक्तस्रावाची खूण आहे. लघवीला न होणं, धाप लागणं, छातीत दुखणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, यांपैकी काहीही झालं तरी तडक दवाखाना.

याला एक उदाहरण देते. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका शिबिरात एकाच दिवशी 83 बायकांची ऑपरेशनं झाली. घरी गेल्यावर बायकांना उलट्या, पोटदुखी सुरू झाली. त्यातल्या 13 जणी दगावल्या. त्यानंतर सप्टेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असा आदेश दिला. चूक त्या बायकांची नव्हती, त्यांच्या घरच्यांचीही नव्हती. हे सांगण्यामागे तुम्हाला घाबरवण्याचा हेतू नाही. ऑपरेशननंतरच्या उलट्यांना "पित्त झालं असेल" म्हणून कोणी झोपून राहू नये, एवढ्यासाठी सांगते.

पुरुषाचं ऑपरेशन

खरं म्हणजे दोघांत हे ऑपरेशन सोपं. पोट उघडत नाहीत, पूर्ण गुंगी देत नाहीत. बिनटाक्याच्या पद्धतीत एवढंसं भोक पाडून दोन्ही बाजूंच्या वीर्यवाहक नळ्या बंद करतात आणि माणूस थोड्या वेळाने चालत घरी जातो. तरीही पुरुष मागे राहतात. यामागे एक जुनी भीती आहे. 1975 ते 1977 च्या आणीबाणीत देशात ठिकठिकाणी नसबंदीची सक्ती झाली. 1976 साली आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, पण म्हाताऱ्या माणसांच्या मनातून ते दिवस गेलेले नाहीत. आज कोणी कोणाला ओढून नेऊ शकत नाही. समजून, स्वतःच्या इच्छेने सही केल्याशिवाय ऑपरेशन होत नाही, आणि टेबलावर जाईपर्यंत "नको" म्हणायचा हक्क आहे.

घरी आल्यावर पिशवीला थोडी सूज येते, त्वचा निळसर-जांभळी दिसते, चालताना ओढल्यासारखं वाटतं. आठवड्याभरात हे उतरतं. दोन दिवस आराम करावा आणि सुती लंगोट किंवा घट्ट चड्डी वापरावी, म्हणजे भार पडत नाही. आठवडाभर जाळी ओढणं, होडी ढकलणं, सायकल चालवणं बंद. खलाशी माणसाला मधेच कामावरून सुटी कुठली मिळणार? म्हणून पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तो काळ यासाठी बरा, असं मी नेहमी सुचवते. जखमेच्या जागी मटारच्या दाण्याएवढी कडक गाठ हाताला लागते, ती बहुधा निरुपद्रवी असते. पुढच्या भेटीत दाखवून ठेवावी.

पण सूज उतरायच्या ऐवजी तासातासाने वाढू लागली, लिंबाएवढी होऊन तणाणली, फार दुखू लागली, रक्त थांबेना, पू आला, ताप आला, तर लाज धरू नका. बायकांपेक्षा पुरुष जास्त लपवतात, हे मी माझ्या कामात पाहिलेलं आहे. "त्या जागेचं" सिस्टरला कसं सांगायचं म्हणून आठ दिवस काढतात. सिस्टरला सांगायचं नसेल तर डॉक्टरांना सांगा, पण सांगा.

आणखी एक गोष्ट त्रासाची नाही, पण तिच्यामुळे घरं मोडायची वेळ येते. पुरुषाच्या ऑपरेशनचा गुण त्याच दिवसापासून येत नाही. नळ्यांत आधीचं बीज शिल्लक असतं. तीन महिने निरोध वापरायचा किंवा पत्नीने दुसरं साधन घ्यायचं, आणि तीन महिन्यांनी वीर्य तपासून घ्यायचं. तपासणी चांगली आल्यावरच निर्धास्त व्हायचं. या तीन महिन्यांत दिवस गेले तर बायकोवर संशय घेणारे नवरे आहेत. ती बिचारी शपथा घेत बसते. तेव्हा आधीच समजून घ्या : तीन महिने. त्याने अशक्तपणा येत नाही, पुरुषत्व जात नाही, समुद्रावरचं काम पूर्वीसारखंच होतं.

तांबी, आणि पिशवी साफ केल्यावर

तांबीबद्दल एक जुनी हकिकत मोलाची आहे. 1965 साली आपल्या देशात लूप आणला. हजारो बायकांनी बसवून घेतला. पण त्याने पाळीत रक्त जास्त जातं, ओटीपोटात कळा येतात, हे बऱ्याच जणींना आधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि नंतर विचारायलाही कोणी गेलं नाही. बायका घाबरल्या, अफवा उठल्या, आणि थोड्या वर्षांत तो लूप बदनाम झाला. माहिती न देता दिलेलं चांगलं साधनही असं फुकट जातं. आजची तांबी वेगळी आहे. 380-ए जातीची असेल तर ती दहा वर्षं चालते. पण सांगायची गोष्ट तीच : पहिले तीन ते सहा महिने पाळीत रक्त जास्त जाणं, पाळी दोन-तीन दिवस लांबणं, कळा येणं, हे साधं आहे. हळूहळू अंगवळणी पडतं.

साधं नाही ते असं. पाळी चुकली. ओटीपोटात सतत, तीव्र दुखतं, संबंधाच्या वेळी दुखतं. घाण वासाचं पाणी जातं, सोबत ताप येतो. हे तांबी बसवल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत झालं तर विशेष जपा. तांबीचा दोरा हाताला लागत नाहीसा झाला, किंवा एकदम लांब लागू लागला, किंवा कडक टोक लागलं, तर ती सरकली असेल. बाळंतपणानंतर लगेच बसवलेली तांबी निसटण्याचा संभव थोडा जास्त असतो, म्हणून सहा आठवड्यांनी तपासून घ्यावी. दोरा स्वतः ओढू नये.

गर्भपात करून घेतल्यावर, म्हणजे पिशवी साफ केल्यावर, पाळीसारखं अंगावरून जाणं काही दिवस चालतं. पण तासाला दोन घड्या पूर्ण भिजतात आणि असं ओळीने दोन तास चालू आहे, तर ते भरपूर झालं. थांबू नका. ताप, घाण वास, वाढत जाणारी कळ, यांनाही तोच नियम.

तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन घेणाऱ्या ताईंसाठी दोन ओळी. त्याने पाळी अनियमित होते, मध्येच डाग पडतात, पुढे पुढे पाळी येतच नाही. रक्त आत साचतं हा गैरसमज आहे, ते तयारच होत नाही. मात्र आठ दिवसांपेक्षा जास्त किंवा नेहमीच्या दुप्पट रक्त गेलं तर दाखवा.

पुढे कधीतरी पाळी चुकली तर

कुठलंही ऑपरेशन शंभर टक्के हमीचं नसतं. बाईच्या ऑपरेशननंतरही दर हजारांत सुमारे पाच जणींना पहिल्या वर्षात दिवस जातात. पुरुषाच्या बाबतीत हे प्रमाण त्याहून कमी आहे. म्हणून ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली, तर "आपलं ऑपरेशन झालंय" म्हणून गप्प बसू नये. दोन आठवड्यांच्या आत तपासून घ्यावं. कारण अशा वेळी गर्भ पिशवीत न राहता नळीतच राहिलेला असू शकतो. पाळी चुकली, एका कुशीत जोराची कळ आली, थोडं अंगावरून गेलं, चक्कर आली, खांदा दुखू लागला, तर नळी फुटलेली असण्याचा संभव आहे. दुर्बिणीनंतर पहिल्या दोन दिवसांत दुखणारा खांदा वेगळा आणि वर्षांनंतर पाळी चुकून दुखणारा खांदा वेगळा. दुसऱ्याला क्षणाचाही उशीर चालत नाही.

जायचं कसं, सांगायचं काय

पूर्णगड मुचकुंदीच्या मुखावर, एका टोकाला. संध्याकाळची एसटी गेली की रात्र मोठी असते. दुखणं तर बहुधा रात्रीच वाढतं. म्हणून ऑपरेशनच्या आधीच ठरवून ठेवा : कोणाची रिक्षा किंवा गाडी रात्री मिळेल, त्याचा नंबर काय, मुलांजवळ कोण थांबेल, आणि घरधनी होडीवर असला तर त्याच्या जागी निर्णय कोण घेईल. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. बाई कळवळत असते आणि घरातली माणसं "तो येऊ दे, मग बघू" म्हणत बसतात. नवऱ्याने जाण्याआधी स्वतः सांगून जावं, की माझी वाट बघू नका.

साधी शंका असेल तर आशाताई किंवा उपकेंद्राची सिस्टर. जखमेचं काही असेल, ताप असेल तर पावसचं प्राथमिक आरोग्य केंद्र. पोट फुगलं, रक्त थांबत नाही, शुद्ध हरपते आहे, तर 108 ला फोन लावा. फोन फुकट, गाडी फुकट. पुढे रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात न्यावं लागेल, ते तेच ठरवतील. वाटेत खायला-प्यायला देऊ नका, पुन्हा गुंगी द्यावी लागली तर रिकामं पोट लागतं.

डॉक्टरांना सांगताना लांबण नको. ऑपरेशन कोणत्या दिवशी, कुठे झालं. त्रास कधी सुरू झाला. ताप किती. उलटी, लघवी, शौच यांचं काय. कोणत्या गोळ्या घेतल्या. दवाखान्यातून मिळालेलं कार्ड बरोबर न्या. ते शिधापत्रिकेबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं तर पावसात भिजत नाही आणि वेळेला सापडतं.

काहीही त्रास नसला तरी तीन भेटी ठरलेल्या आहेत. पहिली दोन दिवसांच्या आत, दुसरी सातव्या दिवशी, तेव्हा टाके असतील तर काढतात, आणि बाईच्या बाबतीत तिसरी महिन्याने किंवा पुढची पाळी आल्यावर. पुरुषाची शेवटची भेट तीन महिन्यांनी, वीर्यतपासणीची. दाखला त्यानंतर मिळतो. बरं वाटतंय म्हणून बरेचजण दुसऱ्या भेटीलाच कंटाळा करतात. ऑपरेशन करून तुम्ही दवाखान्यावर उपकार केलेले नाहीत, तसे सिस्टरनेही तपासून तुमच्यावर उपकार केलेले नाहीत. ती तिची नोकरी आहे, हक्काने जा.

दुर्दैवाने ऑपरेशनमुळे काही गुंतागुंत झाली, ऑपरेशन फसून दिवस गेले किंवा मृत्यू ओढवला, तर सरकारकडून भरपाई मिळण्याची योजना 2005 पासून आहे. ती सरकारी दवाखान्यातल्या आणि सरकारमान्य खाजगी दवाखान्यातल्या ऑपरेशनला लागू आहे. अर्ज घटना घडल्यापासून नव्वद दिवसांच्या आत करायचा असतो. त्याला ऑपरेशनचं कार्ड, दाखला आणि उपचारांची कागदपत्रं लागतात. अर्जाचा नमुना पावसच्या केंद्रात मागावा.